पहिला वॉर्ड

नर्सिंगचा निकाल लागला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली, की मुलगी कागदोपत्री एका दिवसात सगळ्या वॉर्डांना पात्र होते. बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं किंवा जीएनएमची तीन वर्षं, यांत तिने बाळंतपणं केलेली असतात, ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात उभं राहून शस्त्रक्रिया पाहिलेल्या असतात, मनोरुग्णालयात पोस्टिंग केलेलं असतं, खेड्यात वही घेऊन घरोघर फिरून कुटुंबांच्या नोंदी केलेल्या असतात. नोंदणीही परिचारिका आणि प्रसविका अशी दुहेरी होते. उद्या तिला हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात उभं केलं काय किंवा डोळ्यांच्या वॉर्डात, कायद्याची हरकत नाही.

ब्रिटनमध्ये असं नसतं. तिथे प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य आणि अध्ययन-अक्षमता अशा नर्सिंगच्या चार शाखा आहेत आणि पदवीला प्रवेश घेतानाच त्यांतली एक पकडावी लागते. आपल्याकडे ही निवड चार वर्षं पुढे ढकलली जाते आणि मग अर्ध्या तासात उरकली जाते. रुजू व्हायच्या दिवशी मेट्रनच्या केबिनबाहेर पाच-सहा मुली, एखादा ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, प्रत्येकाच्या हातात मूळ प्रमाणपत्रांची फाईल. आत टेबलावर रिकाम्या जागांचा तक्ता. ‘कुठे काम करायला आवडेल?’ असं विचारलं जातं खरं, पण विचारताना पेन बहुधा तक्त्यातल्या एका चौकटीवर आधीच टेकलेलं असतं.

तरीही उत्तर तयार ठेवावं लागतं, आणि खासगी रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक मुलींचं उत्तर एकच असतं: आयसीयू.

त्यामागची कारणं पोरकट नाहीत. भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष असा, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका रुग्णामागे एक. साध्या वॉर्डात हा निकष किती पाळला जातो, हे ज्याने मोठ्या सरकारी रुग्णालयातला मेडिसिनचा वॉर्ड रात्री अकरा वाजता पाहिला आहे त्याला सांगायला नको. खाटा भरलेल्या, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या, आणि सगळ्यांना मिळून एक किंवा दोन सिस्टर. आयसीयूत निकष कितीही ताणला तरी एका नर्सकडे दोन, फार तर तीन रुग्ण. नव्या मुलीला हा हिशेब इंटर्नशिपमध्येच कळलेला असतो.

दुसरं कारण परदेशाचं. आखाती देशांतल्या भरतीच्या जाहिराती वाचल्या तर आयसीयू, इमर्जन्सी, ओटी, डायलिसिस, एनआयसीयू हीच नावं पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्यापुढे दोन वर्षांच्या अनुभवाची अट. ‘जनरल वॉर्ड’ असा अनुभव लिहिला की एजंटचा चेहरा उतरतो. तिसरं कारण मानाचं आहे, आणि ते कुणी उघड बोलत नाही. वॉर्डात डॉक्टर राऊंड घेऊन निघून जातात; आयसीयूत ते थांबून विचारतात, ‘सिस्टर, रात्रभर युरीन किती झालं? नॉरॲड किती वर चाललंय?’ ज्या कामात घरी-दारी ‘इंजेक्शन देणारी’ एवढीच ओळख असते, त्यात अशा प्रश्नाची किंमत मोठी.

जुन्या मेट्रन मात्र एकच सांगतात: आधी वर्षभर जनरल वॉर्ड कर, मग कुठेही जा. हा सल्ला इतक्या पिढ्यांनी इतक्या पिढ्यांना दिला आहे की तो नर्सिंगच्या पुस्तकातच छापलेला असावा असं वाटतं. त्यात तथ्य किती, हे पाहायचं तर वॉर्डातली एक सकाळच पाहायला हवी.

सकाळी आठच्या आधी हँडओव्हर. रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेजवळ थांबून सांगत जाते: बारा नंबर, डायबेटिक फूट, सकाळची साखर अमुक, तेरा नंबर, काल ताप, ब्लड कल्चर पाठवलंय, चौदाला आज डिस्चार्ज, पण बिल अडकलंय. नवी मुलगी भराभर तळहातावर किंवा चिठ्ठीवर लिहून घेते. आठची अँटिबायोटिक्स एकदम सगळ्यांची असतात. नऊला राऊंड. दरम्यान एकाला ओटीत पाठवायचंय आणि त्याच्या संमतीपत्रावर सही नाही, एकाची सलाईन बाहेर गेलीय आणि हात सुजलाय, रक्तपेढीतून पिशवी आणायला वॉर्डबॉय मामा सापडत नाहीत, फार्मसीचं इंडेंट परत आलंय, आणि खाट क्रमांक वीसचा मुलगा चौथ्यांदा विचारतोय की बाबांना चहा चालेल का. यांतलं आधी काय?

हा प्रश्न कोणतीही परीक्षा विचारत नाही. कॉलेजात एका विद्यार्थिनीला एक रुग्ण मिळतो, त्याची केस स्टडी वीस पानी होते, नर्सिंग केअर प्लॅनच्या चौकटी नीट आखल्या जातात. वॉर्डात तीसजण एकदम असतात आणि त्यांतला नेमका कोण दुपारपर्यंत बिघडणार आहे हे ओळखायचं असतं. हे ओळखण्याची सर्वांत जुनी आणि फुकट खूण म्हणजे श्वासांची गती. माणूस कोसळायच्या कितीतरी तास आधी ती वाढू लागते. नाडी आणि रक्तदाब बरेचदा नंतर बदलतात. पण ती मोजायची तर मिनिटभर छातीकडे पाहत उभं राहावं लागतं, आणि ते मिनिट नसतं. म्हणून भारतातल्या काय किंवा जगातल्या काय, ताप-नाडी-श्वासाच्या (टीपीआर) तक्त्यांवर श्वासाच्या रकान्यात ओळीने अठरा, वीस, अठरा, वीस असे आकडे उतरतात. तिसाव्या खाटेवरचा म्हातारा अठ्ठावीसच्या गतीने श्वास घेत असताना त्याच्या रकान्यात ‘२०’ लिहिलेलं असतं. ज्या मुलीला पहिल्या वर्षी कुणी बाजूला घेऊन ‘घड्याळ लाव, मोज’ असं सांगितलं, तिचा वॉर्ड सार्थकी लागला. जिला शेजारच्या तक्त्यावरून आकडा उतरवायला शिकवलं गेलं, तिने वर्षभर वॉर्ड करूनही काय मिळवलं?

मेट्रनच्या सल्ल्यातली अडचण तिथेच आहे. तो सल्ला ज्या काळात घडला त्या काळात वॉर्डात शिकवायला कुणीतरी होतं. इन्चार्ज सिस्टर स्वतः खाटेपाशी यायची, ड्रेसिंगचा ट्रे पाहून चूक काढायची. आज तीच परिसेविका ऑनलाइन नोंदी, औषधांचा साठा, मान्यतेच्या तपासण्यांच्या फायली आणि रजेवर गेलेल्यांच्या जागी रिलीव्हर शोधणं यांत बुडालेली असते. वॉर्ड कामाला लावतो. शिकवतोच असं नाही.

अमेरिकन परिचारिका आणि अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘रिॲलिटी शॉक’ नावाचं पुस्तक लिहिलं. शाळेत शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांतल्या दरीत पहिल्या वर्षी मुली कशा कोसळतात आणि पेशा सोडतात, हा त्याचा विषय. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या आणि एक गोष्ट स्पष्ट केली: नर्स ‘सक्षम’ होते ती साधारणपणे एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं राहिल्यावर. आणि वॉर्ड बदलला, की दहा वर्षांची अनुभवी नर्ससुद्धा पुन्हा खालच्या पायरीवर येते. कॅथलॅबमधली जाणती सिस्टर लेबर रूममध्ये नवखीच असते. आपल्याकडे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात बेनर शिकवल्या जातात, त्यावर पाच गुणांचा प्रश्नही येतो. ड्युटी रोटा लावताना मात्र त्यांची आठवण कुणाला होत नाही.

म्हणजे पहिला वॉर्ड फक्त पहिला नसतो. दोन-तीन वर्षं त्यातच घालवली तर हाती काही लागतं. तो कोणता, यापेक्षा तिथे पहिल्या रात्रींना शेजारी कोण असेल हे अधिक महत्त्वाचं, असं म्हणायला जागा आहे. नव्या मुलीला सहा आठवडे किंवा तीन महिने एका अनुभवी सिस्टरच्या जोडीने काम देणारा आयसीयू, तिला दुसऱ्याच आठवड्यात एकटीला रात्रपाळीवर सोडणाऱ्या ‘साध्या’ वॉर्डापेक्षा कितीतरी सुरक्षित. उलटही तितकंच खरं. २०२०-२१ मध्ये ठिकठिकाणी नुकत्याच पास झालेल्या मुली थेट कोविडच्या आयसीयूत उभ्या राहिल्या. त्या टिकल्या, त्यांनी माणसं वाचवली. पण व्हेंटिलेटरचा अलार्म का वाजतोय हे शोधण्याऐवजी तो बंद कसा करायचा हे आधी शिकण्याची पाळी अनेकींवर आली.

शेजारी कोण आहे याचं मोल नवजात अतिदक्षता विभागाइतकं कुठेच उघडं पडत नाही. एनआयसीयू मुलींना आवडतो. बाळं असतात, गर्दी नसते, नातेवाईक काचेबाहेर. महाराष्ट्राला या कामाची परंपराही आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली; गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजातांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. पण एनआयसीयूतलं रोजचं काम म्हणजे दशांशचिन्हाशी झुंज.

एक उदाहरण घेऊ. बाळ १२०० ग्रॅमचं, अपुऱ्या दिवसांचं. डॉक्टरांनी ॲमिकॅसिन लिहिलं, किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे १८ मिलिग्रॅम. वायल २ मिलिलिटरची, त्यात १०० मिलिग्रॅम औषध. म्हणजे भरायचं ०.३६ मिलिलिटर. सिरिंज एक मिलिलिटरची, तीवरच्या रेघा बारीक. आता त्याच औषधाची, तेवढ्याच आकाराची, २ मिलिलिटरचीच दुसरी वायलही बाजारात असते, तीत ५०० मिलिग्रॅम असतं. रात्री तीन वाजता फ्रीजशेजारच्या ट्रेमधून ती हाती आली आणि ०.३६ भरलं, तर बाळाला १८ ऐवजी ९० मिलिग्रॅम गेलं. पाचपट. औषध असं की जास्त झालं तर मूत्रपिंडाला आणि कानाला धक्का पोचतो. बाळ रडून सांगणार नाही, कारण बहिरं झालेलं बाळही तसंच रडतं. म्हणूनच चांगल्या एनआयसीयूत दोन नर्सनी वेगवेगळा हिशेब करून तो जुळल्याशिवाय औषध द्यायचं नाही असा दंडक असतो. दुसरी नर्सच नसेल तर दंडक भिंतीवर राहतो. आणि धोका फक्त औषधाचा नसतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. अशा कक्षात काम मागणाऱ्या मुलीने मॉनिटर किती आहेत हे तर पाहावंच, पण बाहेर पडायचं दार कुठे आणि रात्री माणसं किती, हेही विचारावं. त्यात उद्धटपणा काही नाही.

लेबर रूमला मात्र नव्या मुली बिचकतात. पदवीच्या काळात केलेल्या बाळंतपणांची नोंद लॉगबुकात असते. तरी शेवटचा हात कुणा वरिष्ठाचा होता हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय आवाज फार, रक्त फार, आणि सगळं काही मिनिटांत. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, मग वार, मग गर्भाशय घट्ट होतोय का ते हाताने पाहत राहणं. इथे प्रसविकेचा हात चुकला तर अर्ध्या तासात बाई जाऊ शकते. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत लाखामागे ३३ होता, केरळच्या खालोखाल देशात सर्वांत कमी. या आकड्याचं श्रेय वाटायचं झालं तर ते तालुक्या-तालुक्यातल्या लेबर रूममध्ये रात्री जागणाऱ्या बायकांना बरंच द्यावं लागेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी मुंबईच्या कामा रुग्णालयात शिरले तेव्हा प्रसूतिपूर्व कक्षात अंजली कुलथे यांची ड्युटी होती. त्यांनी वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेऊन दडवलं. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला लेबर रूमपर्यंत पोचवलं. पुढे न्यायालयात त्यांनी त्या दहशतवाद्यांतल्या कसाबला ओळखलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हे सगळं सांगितलं. बातम्यांनी शौर्याचा भाग उचलला. गोळ्यांचा आवाज चालू असताना कळांमधलं अंतर मोजण्याचा भाग मात्र शिकलेला होता, रात्रपाळ्यांमधून.

ऑपरेशन थिएटरचं थोडक्यात. ज्यांना नातेवाइकांशी बोलायचा कंटाळा आहे, नीटनेटकेपणाचं वेड आहे आणि सर्जनचा आवाज चढला तरी हात थरथरत नाही, त्यांनी इथे जावं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेल्या सुरक्षा-यादीत शस्त्रक्रियेच्या तीन थांब्यांवर नर्सला बोलायचा अधिकार आहे. मॉप मोजून एक कमी भरला, तर पोट शिवायला आलेल्या सर्जनला ‘थांबा’ म्हणणं हे स्क्रब नर्सचं काम. बावीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या सर्जनला थांबवायचं, तेही घाईत. हे धाडस सर्वांच्यात नसतं आणि कोणी ते शिकवतही नाही. एक तोटाही आहे. दोन वर्षं ओटीत काढली की जागा माणूस हाताळायची सवय सुटते.

कॅज्युअल्टीबद्दल मुलींपेक्षा त्यांच्या आईवडिलांचं मत ठाम असतं: नको. दारू पिऊन आलेले, पोलीस केसेस, पेशंट दगावला की डॉक्टर-नर्सवर धावून येणारा जमाव. मत चुकीचं म्हणता येत नाही.

काही दारांवर मात्र कुणीच टकटक करत नाही. मनोरुग्णालयात नेमणूक म्हणजे शिक्षा, अशी समजूत अजून आहे. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. तिथे हातात यंत्र नसतं, फक्त डोळे आणि बोलणं असतं. ब्रिटनमध्ये ज्याला पदवीची स्वतंत्र शाखा मानतात, ते आपल्याकडे ‘तिथे जाऊन हात खराब होतो’ या वाक्यात संपतं. सलाईन लावायची सवय जाते, एवढाच त्याचा अर्थ. वेदनाशामक सेवेचीही तीच गत. वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. पण पहिली नोकरी म्हणून तिथे जाते म्हटलं तर घरचे विचारतात, बरी होणारी माणसं कुठे नाहीत का?

कर्करोगाच्या विभागाची भीती वेगळी. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून परळला उभं आहे आणि तिथे शिकलेल्या नर्सना देशभर मागणी असते, तरी नव्या मुलीला वाटतं की रोज मृत्यू पाहायला लागेल. प्रत्यक्षात केमोच्या डे-केअरमध्ये ती जास्त काय पाहते, तर हाताच्या शिरा. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस झडतं. त्यामुळे औषध जाताना नर्स खाटेजवळून हलत नाही, रुग्णाला पुन्हा पुन्हा विचारते, जळजळ होतेय का? होतेय म्हटलं की औषध तिथेच थांबवायचं, पण सुई लगेच उपसायची नाही. आधी आत राहिलेलं औषध ओढून घ्यायचं. आणि तोच रुग्ण तीन आठवड्यांनी परत येतो, पुन्हा परत येतो. केस गेलेली बाई सहाव्या सायकलला नर्ससाठी घरचे लाडू घेऊन येते. साध्या वॉर्डात माणूस चौथ्या दिवशी घरी जातो आणि त्याचं पुढे काय झालं हे कधीच कळत नाही. कुणाला कशातून बळ मिळतं हे आधी सांगता येत नाही. निदान ज्या दारापाशी भीती वाटते तिथे एक पोस्टिंग जरा जागेपणी करून पाहावं.

ब्रदरांची गोष्ट निराळीच. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ऐंशी टक्के जागा महिलांसाठी आणि वीस टक्के पुरुषांसाठी आहेत. जिथे असं प्रमाण ठरलेलं नाही, तिथेही ब्रदरला विचारण्याआधीच अस्थिरोग, कॅज्युअल्टी, पुरुष वॉर्ड किंवा मनोरुग्णालयात टाकतात, कारण तो पेशंट उचलू शकतो. प्रसविका म्हणून नोंदणी त्याचीही असते. लेबर रूमचं दार मात्र त्याला बंद.

आणि मग पगार. तो विभागावर फारसा अवलंबून नसतो, रुग्णालयाच्या आकारावर असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की खासगी रुग्णालयात नर्सला किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी वेतनाइतके. शिफारस शिफारसच राहिली. जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये आजही त्याहून कमी आकडा ऐकू येतो, वर ओटी, वॉर्ड आणि कधी रिसेप्शनही एकाच मुलीने सांभाळायचं. तिथे विभागाची निवड हा प्रश्नच विनोदी. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात आणि बाँड लिहून घेतात. ज्या मुलीने शैक्षणिक कर्ज काढलंय ती आयसीयू की वॉर्ड यापेक्षा हॉस्टेल आहे का आणि पगार किती तारखेला होतो, हे आधी विचारते, आणि बरोबरच करते.

रात्रपाळीचा हिशेब घरात होतो. लग्नाचं बघत असतील तर ‘मुलगी नाइट करते’ हे वाक्य अजूनही दबक्या आवाजात उच्चारलं जातं, आणि मग ओपीडी किंवा डायलिसिससारखा दिवसाचा विभाग शोधला जातो. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना आणि विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला होता. सेवासदन १९०९ चं. शंभरहून अधिक वर्षांनी बाईने नर्स होण्याला कुणाची हरकत उरली नाही; हरकत रात्रीच्या घड्याळाला आहे.

सरकारी नोकरीत गेलेल्यांना वाटतं की निवडीची कटकट संपली. पण तिथेही बदली वॉर्डातून वॉर्डात होत राहते. भारतीय नर्सिंग कौन्सिलचे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, नवजात, कर्करोग, मनोविकार, शस्त्रक्रियागृह, आपत्कालीन सेवा. अनुभवाचं वर्ष पदरी असलं की ते करता येतात. क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमही आला. पण डिप्लोमा करून आलेली अधिपरिचारिका परत रुजू झाल्यावर तिला नेत्र विभागात धाडल्याच्या कहाण्या जवळपास प्रत्येक जिल्ह्यात ऐकायला मिळतात, कारण रोटेशनमध्ये तिची पाळी तिथे आलेली असते. सर्वांना सगळं यायला हवं, हे रोटेशनमागचं म्हणणं. विशेष शिक्षणाला ना वेगळं पद ना वेगळा भत्ता, तेव्हा प्रशासनालाही त्यात गैर दिसत नाही.

मुलाखतीत मुली बहुधा प्रश्नच विचारत नाहीत. ‘काही विचारायचंय?’ म्हटलं की मान हलवतात. विचारण्यासारखं पुष्कळ असतं. पहिले किती आठवडे मला स्वतंत्र पेशंट नसतील? मला शिकवणारी सिस्टर ठरलेली असेल की ज्या पाळीला जी असेल ती? पहिली रात्रपाळी कधी, आणि त्या रात्री माझ्याहून जुनं कोण असेल? मागच्या वर्षी या विभागातून कितीजणी सोडून गेल्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणी देणार नाही, पण समोरची माणसं एकमेकांकडे कशी पाहतात, त्यावरून बरंच कळतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पोस्टिंगच्या काळातच डोळे उघडे ठेवणं: कुठल्या वॉर्डात विद्यार्थिनीने शंका विचारली की सिस्टर उत्तर देते, आणि कुठे ‘एवढंही येत नाही?’ म्हणते.

परदेशाच्या वाटेला आता नवा फाटा फुटला आहे तो जर्मनीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. त्या वाटेने निघालेल्या मुलीला आधी भाषेचा डोंगर चढावा लागतो, मग पदवीची मान्यता मिळवावी लागते. जर्मनीने २०२० पासून रुग्ण, बालक आणि वृद्ध यांच्या शुश्रूषेचं शिक्षण एकत्र केलं आहे आणि तिथली सर्वांत मोठी गरज म्हाताऱ्यांची आहे. कोल्हापूर किंवा लातूरच्या कॅथलॅबमध्ये दोन वर्षं काढून गेलेल्या मुलीच्या वाट्याला तिथे पहिली नेमणूक वृद्धांच्या वॉर्डात येऊ शकते: आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं. आपल्याकडे ही कामं मावशी किंवा घरचे करतात आणि ती ‘नर्सची’ मानलीच जात नाहीत. तिथे ती नर्सच्या पात्रतेचा गाभा आहेत. जाण्याआधीच्या भाषावर्गात डेर-डी-डासबरोबर हेही कुणी सांगतं की नाही, यावर बऱ्याच जणींचं पहिलं वर्ष अवलंबून आहे.